चिंचेने घासलेली नाणी

नवऱ्याची बँकेतली बदली आम्हाला कोलकात्याला घेऊन आली, सोबत सासरेही आले. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये पहिले काही महिने बाबा नुसते खिडकीशी बसून असायचे. बंगाली येत नव्हतं, हिंदी जेमतेम. मग त्यांनी हौसेने जमवलेली स्मारकनाणी कामी आली. एखाद्यावर तंजावरचं मंदिर, एखाद्यावर संसदेची गोल इमारत. जवळच्या तलावाकाठी दर रविवारी नाणी जमवणारे म्हातारे भेटतात असं कळलं आणि बाबा इस्त्रीचा सदरा घालून जायला लागले. परतल्यावर जेवताना भरभरून बोलायचे. मला केवढं हायसं वाटलं होतं.

दिवाळीला माझी आई आली. तिच्या हातांना चैन नाही. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी बाबा झोपलेले बघून तिने कपाटातला नाण्यांचा डबा काढला आणि चिंच, मीठ, वर रांगोळी लावून एकेक नाणं खसाखसा घासलं.

"लक्ष्मी अशी काळवंडलेली पुजतात का?"

मी आंघोळ करून येईपर्यंत सगळी ताम्हणात लखलखत होती. नाण्याचा जुनेपणाच तर जमवणाऱ्यांना हवा असतो, घासलेल्याला कुणी हात लावत नाही, हे बाबांनीच मला सांगितलेलं. आईचा भयंकर राग आला.

बाबा उठून आले, ताम्हणाकडे बघत राहिले. विहीणबाईंना बोल लावायचा नसतो, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. "छान उजळलीत," म्हणाले आणि पूजेला बसले. बाहेर कालीपूजेचे फटाके वाजत होते.

रविवारी ते डबा घेऊन गेले खरे, पण लगेच परतले. पुढच्या रविवारी त्यांचा गुडघा दुखत होता, त्याच्या पुढच्या रविवारी पोट. आई खुशीत पुण्याला परत गेली.

परवा मी आणि बाबा कोपऱ्यावर दूध आणायला गेलो. मी पर्स उघडेपर्यंत बाबांनी खिशातलं संसदेचं दहाचं नाणं पुढे केलं होतं.

"दादू, दस का कॉइन इधर नहीं चलता," दुकानदार म्हणाला. ही नाणी खोटी असतात असा इथे बऱ्याच जणांचा समज आहे.

बाबांनी ते परत खिशात टाकलं. मला भर दुकानात रडू आलं. रस्ता ओलांडल्यावर ते म्हणाले, "तुझ्या आईंना यातलं काही कळू देऊ नकोस. हौसेने केलं त्यांनी."