कातळ जमातीचा एकटा लढवय्या

दोस्तांनो, मेसच्या फळ्यावर हे लावतोय, कारण तोंडाने बोलणं आज जमणार नाही.

प्रत्येकाने एक पात्र घेऊन तोंडी गोष्ट पुढे नेण्याच्या आपल्या खेळासाठी आपण सगळ्यांनी मिळून कातळ नावाची लढाऊ जमात रचली. नियमही आपलाच होता: कातळ जखमी सोबत्याला टाकून पळत नाही. म्हणून मी लढवय्या झालो. लपून वार करणारा चोर किंवा दुरून मंत्र फेकणारा जादूगार त्या जमातीला शोभत नाही. तुम्ही मात्र तेच झालात.

आज दुपारी खेळातल्या गुहेत सुध्याचा चोर जखमी झाला. तो निसटेपर्यंत मी दारात राक्षसाला अडवलं आणि पडलो. मेलो नव्हतो. या खेळाचा वीस बाजूंचा फासा आपल्याला नागपुरात मिळाला नाही, म्हणून आपण स्टीलच्या ग्लासातून आकड्यांची चिठ्ठी काढतो. एक चिठ्ठी काढली असती आणि आकडा मोठा आला असता, तर मला उचलता आलं असतं. कोणी ग्लासाला हात लावला नाही, आणि माझा लढवय्या मेला.

"गेम आहे गा," सुध्या म्हणाला. "तू काहून उभा राहिला? आता तू बी चोर घे."

तेव्हापासून नव्या पात्रासाठीचा कोरा कागद समोर आहे. काहीच लिहावंसं वाटत नाही.

मला एवढंच सांगा, तो नियम करताना तुमच्यापैकी कोणाला तो खरा वाटला होता का? सुध्या, तू तरी सांग.