बारा टाक्यांचा लंगोट

निजामपुऱ्यात आमच्या गल्लीतली बाळं आवाजानं उठत नसत, शांततेनं उठत. आठवडाभर भिंतीपलीकडे लूम खडखडत असायचे आणि पोरं पाळण्यात निवांत झोपायची. शुक्रवारी सुट्टीचे लूम बंद झाले, की सगळ्या पाळण्यांतून एकदम भोकाड. त्यामुळे शुक्रवारी गल्लीतल्या आया वैतागलेल्या असत. एकटी बकुळामावशी खुशीत असे. कारखाने बंद म्हणजे हवेत कापसाचं तूस उडत नाही, वाळत घातलेल्या कापडावर काही बसत नाही. म्हणून शुक्रवार हा तिचा लंगोट धुण्याचा दिवस.

ती आमच्या समोरच्या खोलीत राहायची. माझी सख्खी मावशी नव्हे, सगळ्या गल्लीचीच मावशी. ठेंगणी, चालायला तुरुतुरु आणि आवाज असा, की तिनं कानात सांगितलेली गोष्ट चार घरांना कळे. लूमच्या खडखडाटावर बोलायची सवय, दुसरं काय! नवरा यादव लूमवर जॉबर होता, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. आणि मावशीनं स्वतः वीस वर्षं कारखान्यात कांड्या भरल्या. कापडाचा उभा धागा लूममागच्या मोठ्या बीमवरून येतो, तो ताणा. आडवा धागा धोट्यात बसवलेल्या कांडीतून सुटतो, तो बाणा. "निजामपुऱ्यातल्या निम्म्या कापडाचा आडवा धागा माझ्या हातचा हाय," असं ती ऐटीत सांगायची.

लंगोटांचं सुरू झालं ते ब्याऐंशी साली, तिच्या धाकट्या जावेच्या, पार्वतीच्या बाळंतपणात. बारशापर्यंत बाळाच्या अंगाला कोरं कापड लावायचं नाही, जुन्या धुवट सुती लुगड्याचंच लावायचं, हे आमच्याकडे घरोघरी पाळतात. मावशी जुनं लुगडं शोधायला निघाली. पण तोवर सगळ्या बायका नायलॉन आणि टेरिलिनमध्ये शिरल्या होत्या. ज्या दोन-चार म्हाताऱ्या सुती नेसत होत्या, त्यांच्या लुगड्यांवर आधीच नंबर लागलेले. दिवसाला हजारो मीटर कापड विणणाऱ्या गावात एका बाळाला हातभर कापड मिळेना.

"मग काय करते," मावशी सांगायची, "जुनं न्हाय मिळत, तर नव्यालाच म्हातारं केलं."

म्हणजे काय, तर कारखान्यातून सुती कापडाचे तुकडे आणायचे. दोन दिवस पाण्यात भिजवून त्यांची खळ काढायची. मग रिठ्याच्या पाण्यात उकळायचे, हातानं चोळायचे, खणखणीत उन्हात वाळवायचे. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. असं बारा शुक्रवार. बाराव्या दिवशी बारसं, म्हणून बारा धुणी, हा तिचा हिशेब. दर धुण्याला कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याचा एक उभा टाका घालायचा. बारा टाके झाले की कापड कोरं राहिलं नाही, घाला खुशाल! त्यातून त्रिकोणी लंगोट, दुपटी, बाळंतिणीचा पोटपट्टा आणि बाळंतिणीला सव्वा महिना लागतात त्या कापडाच्या घड्याही निघायच्या. घड्या ती दुपट्यात गुंडाळून गुपचूप द्यायची. तिनं गुपचूप केलेली तेवढी एकच गोष्ट.

तीन महिने लागायचे, त्यामुळे सहाव्या महिन्यातच तिला सांगून ठेवावं लागे. पार मानकोली-दापोड्याहून बायका येत. कित्येकींना वाटे, ते हिरवे टाके नजर लागू नये म्हणून घातलेत. मावशी भडकायची. "दारासमोर बुद्धाची तसबीर दिसत न्हाय का तुला? नजरबिजर काय नसतं. धुणी मोजलीत!"

मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. शिकलेली, त्यामुळे शहाणपणा अंमळ जास्तच. पहिल्या खेपेला ठाण्याहून प्लॅस्टिकच्या चड्ड्या आणि वासाची पावडर आणून ठेवली होती. मावशीनं एक चड्डी हातात घेतली, फुंकर मारून फुगवली आणि म्हणाली, "ही तू घाल तासभर, मे महिन्यात. मग लेकराला घालू." मी मुकाट्यानं एक डझन लंगोट सांगितले.

एक्क्याण्णव सालच्या मार्चमध्ये मुलगी झाली. नाव तिचं नंतर ठेवलं, लंगोट आधी आले. आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात पोरीच्या मांड्यांवर, कंबरेवर लालभडक चट्टे उठले. पोर रडून रडून निळी पडायची. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कापड कोणतं वापरता? हे ओलं शोषत नाहीये."

मी तशीच पोर काखेत मारून मावशीच्या दारात. शाळेतला आवाज लावला. सगळी गल्ली दारात आली.

"मावशी, बघा तुमच्या कापडानं काय केलं!"

तिनं पोरीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. पण कापडावरचा विश्वास ढळला नाही. लंगोटाच्या कडेचा एक धागा तिनं ओढला आणि काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख फुंकरीनं उडते. टेरिलिन मिसळलेला, म्हणजे मिक्स धागा आखडतो आणि त्याची काळी कडक गाठ होते. ही तपासणी निजामपुऱ्यात शेंबड्या पोरालाही येते. राख उडाली.

"कापूसच हाय, मास्तरीण."

मला राग अनावर झाला. लंगोट हिसकावून मीही एक धागा खसकन ओढला आणि तिच्यासमोर धरला. "पुन्हा लावा काडी!"

धागा आखडला. टोकाला मोहरीएवढी काळी गाठ आली.

मावशीनं ती गाठ नखानं दाबून पाहिली. मग लंगोट उंबऱ्यावर पसरून ती उभ्या-आडव्या धाग्यांवरून बोट फिरवत राहिली. तिनं ओढला होता तो उभा धागा, मी रागात ओढला तो आडवा. नऊ वर्षं ती प्रत्येक तुकड्याचा उभा धागाच जाळत आली होती. बीम बाहेरून येतो, त्याचा काय भरवसा? पण आडवा धागा म्हणजे कांडीचा. वीस वर्षं तिच्या बोटांतून गेलेला. घरच्या माणसाला कुणी कधी ओळखपत्र विचारतं का? ती कांड्या सोडून दोन वर्षं झाली होती, आणि तिच्यामागे कांडीवर मिक्स धागा आला होता.

संध्याकाळी यादवकाका ड्युटीवरून आले आणि दोघांची जी जुंपली, ती मी विसरणार नाही. तेलाचे डाग पडलेला एक अख्खा तागा शेठनं त्यांना दिला होता, तो त्यांनीच कौतुकानं बायकोसाठी आणलेला.

"बाण्याला मिक्स लागलंय, हे ठाव होतं तुम्हाला?"

"होतं की. सहा महिनं झालं."

"मग सांगितलं का न्हाय?"

"तू इचारलंस कधी? आन् मी म्हनलं, कांडीवाली हाय, तिला मी काय सांगू?"

त्या ताग्याचे अठ्ठेचाळीस लंगोट निघाले होते. मावशीला ते विशेष आवडलेही होते; एका उन्हात वाळायचे म्हणून. पाणी प्यायचेच नाहीत, तर वाळायला वेळ कशाला लागेल! आणि ते बाकीच्या सुती लंगोटांबरोबर एकाच ट्रंकेत ठेवलेले, तसेच मिसळून अकरा घरी गेले होते. टाके सगळ्यांना सारखेच, हिरवे. कोणता सुती, कोणता मिक्स, ते काडी लावल्याशिवाय कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मावशी काडेपेटी कनवटीला लावून निघाली. मी शाळेला सुट्टी असल्यानं पोरीला सासूबाईंकडे सोडून तिच्याबरोबर. खरं सांगायचं तर गल्लीसमोर ओरडल्याची मला लाज वाटत होती. आणि मग सुरू झाली गंमत. बाळंतिणीच्या घरात शिरायचं, बाळाचे लंगोट मागायचे, धागा काढायचा आणि जाळायचा. बघणारीला काय वाटणार? मानकोलीच्या सीताबाईनं तर हात जोडले.

"बरं झालं आलीस बकुळे. पोराला दिस्टच लागलीय. आमच्या सुनेचीपन काढ."

"अगं ह्ये दृष्ट काढनं न्हाय, तपासनी हाय!"

"हां हां, तीच. मीठ-मिरची आनू का?"

तिसऱ्या दिवशी दापोड्यात आम्ही पोचायच्या आधीच तीन बायका बाळं घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्यांच्याकडे मावशीचे लंगोट नव्हतेच. रिक्षात बसल्यावर मावशी इतकी चिडली होती, की नजर लागते का, यावर तिनं रिक्षावाल्यालाही एक भाषण ऐकवलं. आणि मानकोलीत सीताबाईनं लंगोट परत द्यायलाही नकार दिला. "माझ्या नातवाला काय उठलं न्हाय, मी कनाला देऊ?" कनाला म्हणजे कशाला. शेवटी मावशीनं पाच लंगोटांच्या बदल्यात आपलं स्वतःचं सुती पातळ घरून नेऊन तिथं ठेवलं.

दोन आठवड्यांत सत्तेचाळीस परत आले. अठ्ठेचाळिसावा काही सापडेना.

इथं खरी पंचाईत झाली. मावशीची एकुलती एक लेक कमळ, ठाण्याला दिलेली, पहिलटकरीण. तिला सहावा सरत आला होता. म्हणजे तिच्या लंगोटांची पहिलं धुणं आता, याच शुक्रवारी पडायला हवं. शेकडो बाळांचं केलेल्या बाईला स्वतःच्या नातवंडाचं करायचं होतं, ब्याऐंशीपासून ती याच दिवसाची वाट पाहत होती. आणि ही बया काय म्हणते, तर शेवटचा लंगोट घरात येत नाही तोवर कात्री उचलणार नाही.

"मावशी, एका लंगोटानं काय होतंय?" मी म्हणाले.

"कुठल्या तरी पोराच्या अंगाला तो घासत असंल, आन् मी हितं नातवाचं शिवत बसू?"

एक शुक्रवार गेला. दुसरा गेला. कमळ चिठ्ठी पाठवून विचारायची, मावशी उत्तर देत नव्हती. गल्लीत तिचा आवाज ऐकू येईनासा झाला आणि आम्हाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. आम्ही पुन्हा अकराही घरं पालथी घातली. पाळण्याखाली, ट्रंकांत, मोरीत. सहावा शुक्रवार उजाडला.

त्या दिवशी मी यांना जेवायला वाढत होते. यांनी लिंबाचं लोणचं मागितलं. बरणीचा दादरा सोडला, कापड बाजूला ठेवलं, आणि बघते तर काय! आत दुमडलेल्या कोपऱ्यात बारा हिरवे टाके.

"आई!" मी ओरडलेच. "हे काय?"

माझ्या सासूबाई, कौसल्याबाई, शांतपणे म्हणाल्या, "काय म्हंजे? दादरा. इतकं मऊ कापड पोरीच्या ढुंगनाला कनाला? तू आनलेस तवाच एक काढून ठेवलेला."

मार्चपासून मी रोज तो दादरा सोडत आणि बांधत होते. दुसऱ्यांच्या मोऱ्या तपासत हिंडत होते. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडलेलीही मीच. कुणाला तोंड दाखवू असं मला झालं.

तसाच, लोणच्याच्या वासाचा तो लंगोट घेऊन मी समोर गेले. मावशीनं काडेपेटी काढली. उभा धागा जाळला, राख. आडवा जाळला, गाठ. मग वास घेतला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि जी हसायला लागली, की शुक्रवारच्या त्या शांततेत कशीबशी निजवलेली दोन-तीन पोरं उठून बसली. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एकाएकी ती थांबली आणि बोटं मोजायला लागली.

"सहाच शुक्रवार हायेत गं. बारा कुठनं आनू?"

हे ती हळूच बोलली, म्हणजे चार घरांनी ऐकलं. चार घरांनी चौदा घरांना सांगितलं.

शनिवारी सकाळी पहिली आली ती सीताबाई, मानकोलीहून, काखेत बोचकं. मावशीचं पातळही आणलं होतं परत. बोचक्यात थोरल्या नातवाचे लंगोट. तो नातू आता तिसरीत. मागोमाग दापोड्याची एक. मग आमच्याच गल्लीतल्या तिघी. कुणी पेटीच्या तळातून काढलेले, कुणी शेजारणीकडून परत मागून आणलेले. सगळ्यांवर हिरवे टाके, काहींचे उडून नुसती भोकं राहिलेली. शेवटी आली जाऊ पार्वती, ब्याऐंशी सालचा पहिला लंगोट घेऊन. तिची तीन पोरं त्यात वाढली होती. कापड इतकं विरलं होतं, की आरपार मावशीचा हात दिसत होता.

मावशीनं तो गालाला लावला. बराच वेळ काढला नाही.

"जुनं सुती," ती म्हणाली. "ह्येच शोधत फिरत होते गं मी तवा. गावात कुनाकडं न्हवतं."

मलाही भरून आलं, सांगायला लाज कसली? मग मावशीनं डोळे पुसले, पदर खोचला आणि काडेपेटी काढली.

"हे सगळे मिक्सच्या आधीचे आहेत, मावशी," मी म्हणाले.

"असू दे." तिनं उभा धागा जाळला. मग आडवा जाळला. दोन्हींची राख उडाली. तेव्हा तिनं सुई घेतली आणि उभ्या टाक्यांशेजारी एक आडवा टाका घातला. तेरावा. आडव्या धाग्याची झडती घेतली, याची खूण. तेव्हापासून तिच्या हातच्या प्रत्येक कापडावर तेरा टाके असत.

एक लंगोट मी मागून घेतला आणि त्याचा तेरावा टाका स्वतः घातला, माफी मागायची राहिली होती म्हणून. मावशीनं तो उजेडात धरून पाहिला, उसवला आणि पुन्हा घातला.

"माफ केलं," ती म्हणाली, "पर मास्तरीण, नातवंड व्हायचं हाय माझं. टाका नीट पायजेल."