आप्पांचा निळा रंग

आप्पा गेल्याची बातमी मला नांदेडला उशिराच कळली, जळकोटहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून. मी नुसता "अरेरे" म्हणालो आणि बसून राहिलो. या वयात बातम्या अशाच येतात, आणि रडायलाही त्राण लागतं…

जळकोटच्या शाळेत आप्पा इंग्रजी शिकवायचे, मी मराठी. त्याआधी ते उदगीरला होते. दुष्काळात विहिरी आटल्या तेव्हा त्यांनी बायकोला माहेरी, हिमायतनगरला पाठवलं. तिकडं निदान प्यायला पाणी होतं. ती तिथंच तापानं गेली. मग आप्पा बदली मागून आमच्याकडं आले. नववीच्या वर्गात, पश्चिमेच्या खिडकीसमोर, एक छापील चित्र कैक वर्षांपासून टांगलेलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कुणा चित्रकाराचं. एका इंग्रजी प्रेमकथेतली जोडी: नवरा उंबऱ्यात उभा, बायको पायरी उतरताना मागं वळून बघतेय. आप्पांना त्या चित्राचा भलताच नाद लागला. धडा कुठलाही असो, गाडी तिथंच यायची. भिंतीवरची वेल म्हणजे निष्ठा, पायाशी निजलेला कुत्रा म्हणजे इमान, खाली पडलेलं पांढरं फूल म्हणजे मोडणारं सुख. मी चेष्टा करायचो, "आप्पा, कुत्र्याला नुसती झोप आली असेल हो!" ते हसायचे. पण बाईच्या निळ्या झग्यावर चेष्टा चालत नसे.

"निळा थंड रंग हाय, गुरुजी. आपण परत येणार न्हाई, हे तिला ठावं हाय. त्याला ठावं न्हाई." एकदा वर्ग रिकामा असताना पुढचंही बोलले. "आमची पण दारात 'येते' म्हणली. तिला समदं ठावं होतं… माझं मन राखाया म्हणली. मीच धाडलं तिला." आपल्याकडं निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, एवढंच पुटपुटलो.

पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला. शाळेत नवे नकाशे आले, जुनं सामान अडगळीत निघालं. आप्पांनी ते चित्र घरी नेलं.

परवा जळकोटला त्यांच्या घरी भेटायला गेलो तर त्यांच्या पुतण्यानं, बसवराजनं, तेच माझ्यापुढं ठेवलं. "काका, तुमी घिऊन जावा. आमाला त्यातलं काय कळतंय?" काच तडकली होती म्हणून चौकट उचकटली. झग्याचा घोळ चौकटीच्या पट्टीखाली गेला होता. तिथं, बोटभर जागेत, तो गर्द किरमिजी होता, नवरीच्या शालूसारखा. उन्हात लाल आधी विटतो, हे दोरीवरचं लुगडंही सांगतं. खिडकीतल्या उन्हानं लाल खाल्ला होता, निळा तेवढा मागं राहिला होता. म्हणजे तो थंड निळा चित्रकाराचा नव्हताच; त्याची बाई परत यायचं म्हणूनच निघाली होती… माझा जीव कळवळला. हे सांगायला आता माणूसच उरला नव्हता.

"आप्पा, ती खरंच येणार होती हो," मी रिकाम्या खाटेकडं बघून म्हणालो.

आत जाता जाता बसवराज थांबला. "कोण येणार हाय, काका? चहा वाढवून ठिवू का?"