नाणं न घेणारं मशीन

दुर्गाघाटाच्या आमच्या घरात काकूचं सोवळं कडक होतं. बाहेर ती कुणाच्या हातचं पाणी प्यायची नाही. त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी पाण्याचं मशीन बसलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला. नाणं टाकून बाटली धरली आणि बटण दाबलं की थंडगार पाणी यायचं. "यात कुणाचा हातच लागत नाही," असं ती मला कौतुकाने सांगायची. देवळातून परतताना ती रोज तिथे थांबायची.

गेल्या उन्हाळ्यात ते मशीन बदललं. नव्या मशीनला नाण्याची फटच नव्हती. मोबाइलने स्कॅन करायचं, आणि काकूकडे मोबाइल नव्हता. मी तिला घ्यायला गेलो तेव्हा ती घामाघूम होऊन त्याच्यासमोर उभी होती. तेवढ्यात शेजारी फुलं विकणारी बाई उठली.

"लाइए माताजी, हम भर देते हैं," म्हणत तिने काकूची बाटली घेतली, स्वतःच्या फोनने स्कॅन करून भरली आणि पुढे केली.

काकू बाटलीकडे बघत राहिली. मी हळूच म्हणालो, "काकू, घर जवळच आहे. चल."

"थांब रे जरा," ती म्हणाली. तिथेच पायरीवर बसून तिने सगळं पाणी संपवलं आणि त्या बाईला विचारलं, "बेटी, तुम्हारा घर कहाँ है?"

दोघींच्या गप्पा संपेपर्यंत मी सावलीत उभा राहिलो. आता आमच्या देवाची फुलंही तिच्याकडूनच येतात.