दोरीवर वाळणारं मांस

तीर्थपुरीच्या बाजारात सुक्या बोंबलांचा वास आला आणि आजी आठवली. कॉलेजात असताना मला जपानी चित्रकथांचा नाद लागला होता. एकीत काही साहसवीर भुयारात उतरून राक्षसी जनावरं मारायचे आणि शिजवून खायचे. एका पानावर त्या मांसाच्या लांब पट्ट्या दोरीवर वाळत होत्या. चित्र इतकं झकास की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. शेंगा फोडत बसलेल्या आजीपुढं मोबाईल धरला, तर तिनं तोंडच फिरवलं. "ह्या तर चान्या, ढोराच्या वाळल्या मांसाच्या! हे लोक हौसेनं खाऊन राह्यले का?" मंग तिनं तिच्या लहानपणचं सांगितलं. गावात ढोर मेलं की ते ओढून न्यायचं आपल्याच लोकांनी. फुगलेलं पोट फाडलं की भपका यायचा. वाळत्या मांसावर माश्या घोंगावायच्या, अळ्या पडायच्या. त्या झटकायच्या अन् शिजवायचं. "धम्म घेतला, तवा सुटलं ते." मी मोरीकडं पळालो आणि भडाभडा ओकलो. आजीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "मळमळलं ना? बरं झालं लेका. मला त्या वासानं भूक लागायची." आज बोंबलांपुढून नाक दाबून निघालो, तेव्हा वाटलं, आजी असती तर पुन्हा म्हणाली असती, "बरं झालं लेका."