कुत्रं पाहिलं कुणी?

ती घटना आठवली, की आजही मला त्या मुलीच्या मनगटावरची हळद दिसते. मी तेव्हा कर्वेनगर भागातल्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. चोऱ्या, मारामाऱ्या आणि सोसायट्यांमधली पार्किंगची भांडणं हा आमचा रोजचा रतीब. एका दुपारी एका पशुवैद्य बाईंचा फोन आला.

"साहेब, माझ्या दवाखान्यात एक लॅब्रेडॉर आणलाय. लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाहीये. मला रेबीजची दाट शंका आहे. चार-पाच दिवसांपूर्वी तो शेजारच्या मुलीला चावलाय आणि तिला अजून एकही इंजेक्शन दिलेलं नाही. मालक म्हणतात, कुत्रा रजिस्टर्ड आहे!"

"रजिस्टर्ड म्हणजे काय?"

"तेच तर मला कळत नाहीये, साहेब."

स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगून मी एका महिला हवालदारांना बरोबर घेतलं आणि निघालो. रेबीज एकदा अंगात उठला की जगातला कुठलाही डॉक्टर हात टेकतो, एवढं मला ठाऊक होतं. मुलगी सात वर्षांची होती.

कुत्र्याचे मालक बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे अध्यक्ष. त्यांनी भिंतीवरची फ्रेमच काढून माझ्या हातात दिली. सोनेरी किनार, लाल शिक्का, कुत्र्याच्या पूर्वजांची नावं. वर ठळक अक्षरांत 'नोंदणीकृत' आणि तळाला 'लसीकरण: पूर्ण'.

"आपण वाचा तरी, साहेब. माझ्या पणजोबांचं नाव मला सांगता येणार नाही, याच्या पणजोबांचं छापलेलं आहे."

"लस कुठल्या डॉक्टरांनी टोचली?"

"मी आणला तेव्हा झालेलीच होती. एवढा शिक्कामोर्तब केलेला कागद खोटं बोलेल का?"

शेजारचं कुटुंब दारातच उभं होतं. मुलीच्या मनगटावर दातांच्या दोन खुणा, त्यावर हळद. आई रडवेली झाली होती. "मी पहिल्या दिवसापासून म्हणतेय, दवाखान्यात चला. कुणी ऐकेल तर शपथ!"

वडील खाली बघून म्हणाले, "काकांनी सर्टिफिकेट दाखवलं हो. उगाच पोरीला सुया टोचायच्या... आणि काकांना काय वाटेल?"

"आधी इंजेक्शन घ्या, मग काय ते मानापमान बघा!" मी आवाज चढवला.

वडिलांनी काकांकडे पाहिलं. काका ताडकन म्हणाले, "म्हणजे मी खोटारडा, असंच ना?"

झालं. वडील दारातून मागे सरकले. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथं ती पोरीच्या जिवावर उठली होती. माझा नुसता संताप झाला. पण हाताला धरून कुणाच्या मुलीला इंजेक्शन देण्याचा अधिकार पोलिसाला नाही. त्या कागदावरचा विश्वास उडाल्याशिवाय तो माणूस उंबरा ओलांडणार नव्हता.

फ्रेमवर नोंदणी करणाऱ्याचा मोबाईल नंबर आणि कसबा पेठेतला पत्ता होता. जीपमध्ये बसताना हवालदारबाई म्हणाल्या, "साहेब, आपल्या फौजदाराची नोंदणी करून बघू का?"

फौजदार म्हणजे आमच्या ठाण्याच्या पायरीवर लोळणारा, एक कान तुटलेला गावठी कुत्रा. त्याचा फोटो बाईंच्या मोबाईलमध्ये होताच. त्यांनी तो पाठवला, मागितली ती फी भरली. आम्ही नदी ओलांडून शनिवारवाड्याच्या मागे पोचेपर्यंत सर्टिफिकेट हजर! शुद्ध जर्मन शेफर्ड. आजोबा परदेशी. लसीकरण: पूर्ण. ड्रायव्हरला हसू आवरेना. मला मात्र ती मुलगी दिसत होती.

ऑफिस म्हणजे लग्नपत्रिकांच्या दुकानाचा पोटमाळा. इस्त्रीच्या शर्टातला माणूस अदबीनं उठला.

"सगळं कायदेशीर आहे, साहेब. आमची संस्था नोंदणीकृत आहे. हे बघा, दुकानाचं लायसन."

"म्हणजे नोंदणी तुझ्या दुकानाची. कुत्रं पाहिलं कुणी?"

"फोटो येतो ना, साहेब."

"लस टोचलेली कुणी पाहिली?"

तो पेनाचं टोपण काढघाल करू लागला. मी मोबाईलवर फौजदाराचं सर्टिफिकेट त्याच्यापुढे धरलं. "हा माझ्या पायरीवर झोपतो. याला लस कुणी दिली? बोल!"

त्यानं टोपण टेबलावर ठेवलं. "साहेब, तो रकाना छापीलच असतो. सगळ्यांना तसाच जातो. लोकांना बरं वाटतं."

माझं डोकं सणकलं. हात शिवशिवत होता. तो मी खिशात घातला. मुलीच्या वडिलांना फोन लावला आणि दोन्हीकडचा स्पीकर सुरू करायला लावला. "आत्ता बोललास तेच यांना सांग."

"ते... फॉरमॅटमध्ये तसं असतं..."

"नीट सांग!"

"लस दिली की नाही, आम्हाला माहीत नसतं," तो पुटपुटला.

पलीकडून आईचा आवाज आला, "अहो, उभे काय राहिलात? रिक्षा बोलवा!"

पंचांसमक्ष संगणक जप्त केला, फसवणुकीचा गुन्हा दाखल केला आणि संध्याकाळी थेट सरकारी दवाखाना गाठला. मुलगी इंजेक्शन घेऊन हुंदके देत बसली होती. तिच्या मागे रांगेत बाही वर करून अध्यक्ष उभे. कागद खोटा निघाल्याचं कळताच तेही मागोमाग आले होते. आधीचे दोन दिवस आजारी कुत्र्याच्या जबड्यात हात घालून ते त्याला गोळ्या भरवत होते. बोटांवर ओरखडे होते आणि तोवर ते कुणी बघितलेच नव्हते.

"पोटच्या पोरासारखा वाढवलाय हो मी त्याला," ते मला म्हणाले.

मुलीनं डोळे पुसले. "काका, आधी बोचतं, मग नाही. डोळे मिटून घ्या."

त्यांनी डोळे मिटले आणि ते तिथंच ढसाढसा रडले.

कुत्रा दोन दिवसांत गेला. प्रयोगशाळेचा अहवाल आला, रेबीजच होता. मुलीची आणि काकांची सगळी इंजेक्शनं वेळेवर झाली. दोघंही आज ठणठणीत आहेत.

लोक मला अजून विचारतात, साहेब, कुत्र्याची अमुक ठिकाणी नोंदणी करू का? सगळेच चोर आहेत, असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी कुत्र्याला समोर उभं करतात, त्याच्या आईबापांची खातरजमा करतात, लसीच्या बाटलीचं लेबल आणि डॉक्टरांची सही मागतात. ती नोंदणी कामाची. बाकीच्यांना एकच प्रश्न विचारा: कुत्रं पाहिलं कुणी? आणि चावलं असेल, तर तेवढंही विचारत बसू नका. जखम साबणानं धुवा आणि दवाखाना गाठा. काकांना काय वाटेल, ते नंतर बघू.

गुन्हा दाखल झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी हवालदारबाई फौजदाराला घेऊन त्या पशुवैद्य बाईंकडे गेल्या. कागद त्याच्याकडे होताच, लस तेवढी राहिली होती.