मोरिवली, तालुका उल्हासनगर

मंडळी, आज सकाळी बाबांनी माझ्या फॉर्ममधली चूक काढली. चूक नव्हती, पण हे त्यांना कोण सांगणार?

कंपनीसाठी बनवलेला फॉर्म सीडीवर घरी आणला होता. त्यात आधी तालुका निवडायचा, मग खाली फक्त त्याच तालुक्यातली गावं दिसतात. तालुका बदलला की गाव आपोआप पुसलं जातं. याचा मला फार अभिमान.

बाबांना म्हटलं, आपला पत्ता भरून बघा. त्यांनी सवयीने उल्हासनगर निवडलं आणि यादी दोनदा खालीवर केली.

"मोरिवली नाही गं यात."

"बाबा, आपला तालुका आता अंबरनाथ आहे."

"तालुका त्यांनी बदलला. मी कुठे हललोय?"

लहानपणी मावशीला पाठवायच्या पत्रांवर आमचा पत्ता मी लिहायचे, बाबा तपासायचे. 'ता. उल्हासनगर' राहिलं की पत्र परत माझ्या हातात.

शेवटी त्यांनी अंबरनाथ निवडलं, मोरिवली सापडली. मग शेऱ्याच्या रकान्यात एका बोटाने टाइप केलं, 'मूळ ता. उल्हासनगर'.

आत्ता मी वरचा तालुका चार वेळा बदलून पाहिला. शेरा तसाच राहतो.

तुमच्या घरी अजून जुना तालुका कोण लिहितं?